परसांतील वाल आणि त्याच्या तक्रारी

वर्धा जिल्ह्यांतील गिरड येथें शेख फरीदांच्या टेकडीवर फळांसारखे गोल दगड आढळतात. फकिराच्या शापानें व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्र त्यांस झिओलाइट नामक खनिजाच्या गुठळ्या म्हणतें. परसांतील वालाचा वेल मांडवभर पसरून फुलला नाहीं, तरी ‘दृष्ट लागली’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. येथेंही कारणाचा शोध घेणें बरें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक खुलासा. इंग्रजी पुस्तकांतील ‘ब्रॉड बीन’ म्हणजे बाकला. तें थंडीचें पीक होय. आपला वाल त्याहून निराळा, म्हणून त्या पुस्तकांतील पेरणीचे महिने त्यास लागू करूं नयेत.

मुख्य तक्रार न फुलण्याची. गांवठी वाल दिवस लहान होऊं लागल्याखेरीज फुलत नाहीं. ज्येष्ठांत लावलेला वेल भाद्रपदापर्यंत पानेंच देतो, तो याचमुळें. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशीं असलेला संबंध गार्नर व अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं सप्रयोग दाखविला. तेव्हां आश्विनांत वेल वांझ समजून उपटणें म्हणजे वाढलेलें ताट लोटून देणें होय. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या अर्का जय व अर्का विजय या बुटक्या जाती मात्र या नियमास अपवाद आहेत.

दुसरें कारण अतिरिक्त खत. वालाच्या मुळांवरील बारीक गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र वेलास पुरवितात. शेंगवर्गीय झाडांचें हें सामर्थ्य हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं जाहीर केलें. म्हणून लावतांना ओंजळभर कुजलेलें शेणखत पुरे; वारंवार खत घातल्यास पाला माजतो व फुलें मागें पडतात.

तिसरी तक्रार पानें पिवळीं पडण्याची. काळ्या जमिनींत पावसाचें पाणी सांचून मुळें गुदमरतात व कुजतात. यास्तव आळें उंचवट्यावर करावें. उलट फुलोऱ्याच्या वेळीं माती अगदीं कोरडी पडल्यास फुलें गळतात.

कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला, कीं मुंग्यांची रांग लागते. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठीं येतात. असे शेंडे खुडावेत व पाण्याचा जोराचा फवारा मारावा. ठिपक्यांचे ढालकिडे मावा खातात, त्यांस मारूं नये. शेंगेस भोंक दिसल्यास आंत अळी असते; अशा शेंगा रोज तोडून नष्ट कराव्यात.

गरीब घरीं हा एक वेल हिंवाळ्यांतील कित्येक दिवसांची भाजी देतो. म्हणून विळा उचलण्यापूर्वीं मूळ, पान, शेंडा आणि पंचांग, चारही पाहावींत.