माशातला कृमी आणि पर्वतावरचा धूर

मंडळी, ‘पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे’ या अनुमानावर आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी वर्षानुवर्षं तास घेतले. आज तेच अनुमान समुद्रात नेऊन बघू. धुराच्या जागी माशाच्या अंगातले परजीवी, अग्नीच्या जागी पाण्यातलं प्रदूषण.

माशाच्या आतड्यात काटेरी डोक्याचा एक कृमी राहतो. त्याला तोंड नाही, पोट नाही. जे घ्यायचं ते कातडीतून शोषून घेतो. पाण्यातलं शिसं कल्ल्यांतून रक्तात जातं, तिथून यकृतात, मग पित्ताबरोबर आतड्यात उतरतं. आणि तिथे हा बसलेलाच असतो! बर्न्ड झूरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवलं, की जर्मनीतल्या चब या माशाच्या मांसापेक्षा त्याच्या कृमीत शिसं २,७०० पट होतं. तो नदीतला मासा. पुढे अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटापाशी पकडलेल्या समुद्री माशांतही शिसं कृमीतच जास्त साठलेलं आढळलं. (असा मासा खायचा का, असं कुणीतरी विचारतंय. हा कृमी आतड्यात असतो, आणि आतडी आपण काढूनच टाकतो.)

इथवर सरळ आहे. गोंधळ होतो तो परजीवींच्या संख्येवरून निष्कर्ष काढताना. घाण पाण्यात माशाची प्रतिकारशक्ती खचते, तेव्हा कल्ल्यांवरचे ट्रायकोडिनासारखे एकपेशीय जीव माजतात. पण पाणी तापलं किंवा माशांची दाटी झाली तरी ते वाढतात. म्हणजे धूर आहे, अग्नी दुसराच. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात.

उलट काही चपट्या कृमींना आधी गोगलगाय लागते, मग बहुधा आणखी एखादा प्राणी, आणि शेवटी मासा. प्रदूषणाने गोगलगाय मेली की साखळी तुटली. मासा कृमीमुक्त! बाजारात तो उत्तम ठरेल, पण नैयायिकांचा तापलेला लोखंडी गोळा आठवा: अग्नी आहे, धूर नाही. आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच.

म्हणून जाणकार एकट्या माशावरून काही बोलत नाहीत. एकाच जातीचे, साधारण एकाच आकाराचे मासे एकाच ऋतूत दोन ठिकाणांहून घेतात, एक स्वच्छ पाण्यातलं, एक संशयित. मग कल्ल्यांवरचे किती वाढले आणि गोगलगायवाले किती घटले, हे दोन्ही शेजारी मांडून बघतात.