चौथ्या मुलासाठी

पेसाह या सणाच्या रात्री ज्यू घरात जेवणापूर्वी सगळ्यांत लहान मूल प्रश्न विचारतं: आजची रात्र नेहमीसारखी का नाही? मग मोठी माणसं मिसरातल्या गुलामगिरीची आणि सुटकेची कथा सांगतात. ती ज्या पोथीतून वाचतात, त्या हागादाचं मराठी भाषांतर १८४६ साली मुंबईत छापलं गेलं. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र आवृत्तीत तर सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत दिसतात.

या पोथीत चार मुलं आहेत. एक शहाणं, एक उद्धट, एक साधंभोळं. चौथ्याला प्रश्नच विचारता येत नाही. प्रत्येकाला त्याच्या समजेप्रमाणे उत्तर द्यायचं आणि चौथ्याच्या बाबतीत मोठ्या माणसानं स्वतःहून सुरुवात करायची, अशी शिकवण आहे. बालशिक्षणाचा इतका जुना आणि इतका नेमका विचार क्वचितच सापडेल. मूल गप्प असेल, तर पहिलं पाऊल शिक्षकानं टाकायचं.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी हा वारसा मराठीतूनच जपला. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’. १८८० च्या सुमारास त्यांनी चक्क कीर्तनाचा साज घेतला आणि अब्राहाम-योसेफाची आख्यानं मराठीत रंगू लागली. मुलांना धर्मकथा कानांवाटे मिळाल्या. त्याआधी १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्राएली शाळा उभी केली होती. पुढे सर एली कदूरी यांचं नाव मिळालेली हीच शाळा. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं रिबेका रूबेन तिच्या मुख्याध्यापिका होत्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रिबेकाबाईंनी शिक्षणासाठी इंग्लंड गाठलं होतं. चांगल्या शाळेसाठी आधी शिक्षकानं शिकायला हवं, याचं त्या स्वतःच उदाहरण होत्या. आज माझगावच्या या शाळेतली बहुतेक मुलं मुस्लिम घरांतली आहेत. शाळा काढणाऱ्या समाजाची बरीचशी मुलं इस्राएलला गेली, पण दार उघडं राहिलं, ही मोठीच गोष्ट.

चौथ्या मुलाचा विचार मात्र वऱ्हाडाशी नातं असलेल्या एका बाईंकडे घेऊन जातो. ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीत राहिल्या. पुढे भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं. तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली; हीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा निघाली. ज्यू परंपरेशी ताराबाईंचा संबंध नव्हता. तरी चौथ्या मुलाला त्यांनी दिलेलं उत्तर अगदी तेच होतं. बोर्डी-कोसबाडला त्या दोघींनी शिक्षकही घडवले. नुसती मुलं गोळा करून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्यात, पुष्कळ मुलांच्या घरी कोरकू बोलली जाते. अंगणवाडीत मराठी ऐकून अशी मुलं मुकाट बसली, तर ती मंद आहेत असं समजणं म्हणजे घोर अन्याय. अंगणवाडीच्या ताईला कोरकू यायलाच हवी. गाणं, गोष्ट, पाण्याचं आणि मोहाचं नाव त्यांच्या बोलीत घेऊन बोलणं तिनंच सुरू करायला हवं. अकोला असो की अमरावती, ताईंच्या प्रशिक्षणात नोंदवह्या, वजनकाटे आणि पोषण आहार यांना जागा मिळते, तशीच मुलाच्या बोलीतल्या या पहिल्या वाक्यालाही मिळायला हवी.