खिसा तुमचा, तर पुस्तकही तुमचे

पुस्तक काढायला किती खर्च येतो, हा प्रश्न ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या साहित्यवर्तुळात कायम फिरत असतो आणि त्याचे उत्तर बहुधा छापखान्याच्या भावात दिले जाते. फर्म्याला इतके, मुखपृष्ठाला इतके, बांधणीला इतके. या उत्तराने लेखकाचे फारसे भले होत नाही, कारण व्यवहाराची मेख दुसरीकडेच असते. पैसे कोण घालतो आणि पुस्तकावर हुकमत कोणाची राहते, या दोहोंचा मेळ बसला पाहिजे. प्रकाशकाने स्वतःचे भांडवल घातले, लेखकाला मानधन किंवा रॉयल्टी दिली आणि विक्रीची जोखीम घेतली, तर तो सरळ व्यवहार आहे. लेखकाने स्वतः भांडवल घातले, स्वतःच प्रकाशक झाला आणि नफातोटा अंगावर घेतला, तर तोही सरळ आहे. आज सर्रास चालते ती तिसरीच वाट: खर्च लेखकाचा, नाव प्रकाशकाचे. हा व्यवहार लेखकासाठी आतबट्ट्याचा आहे. पदरमोड करायचीच असेल, तर प्रकाशकही आपणच व्हावे.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे म्हणजे हौस, असा एक शिक्का आपल्याकडे आहे. मराठी लेखकांचा इतिहास काही वेगळेच सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले आणि ते छापून आले थेट १९७९ साली. मान्यतेची वाट पाहण्याची किंमत सव्वाशे वर्षे इतकीही असू शकते. पुढे १८८५ साली आपले म्हणणे मांडण्यासाठी फुल्यांनी ‘सत्सार’चे अंक स्वतःच काढले. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७पासून १९५३पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, खटले सोसून आणि घरचे पैसे घालून चालवले. लैंगिक शिक्षणासारख्या विषयाला हात लावणारा दुसरा प्रकाशक त्यांना कुठे मिळणार होता? ठाण्याचे वि. ल. भावे यांनी १९०३ साली ‘महाराष्ट्र कवी’ हे मासिक काढले, ते जुन्या कवींची काव्ये नीट छापून लोकांपुढे यावीत म्हणून. आणि १९७६ साली अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह ज्या ‘क्लिअरिंग हाऊस’ने छापला, ती अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर या कवींनीच उभी केलेली प्रकाशनसंस्था होती. या मंडळींना हौशी म्हणायची कोणाची छाती नाही. मात्र त्यांच्यात आणि आजच्या पैसे भरून पुस्तक काढणाऱ्या लेखकात एक फरक आहे. स्वतः छापताना या साऱ्यांनी काय, कसे आणि किती छापायचे, हा निर्णय दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

आता हिशेब. भाव छापखान्यागणिक आणि कागदागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल धरावेत. डेमी आकाराचे १६० पानांचे, म्हणजे दहा फर्म्यांचे पुस्तक घेऊ. अक्षरजुळणी पानाला ३० रुपये धरली तर ४,८००. मुद्रितशोधन पानाला १५ रुपयांनी २,४००. संपादन १०,००० आणि मुखपृष्ठ ५,०००. एकही प्रत छापण्याआधी २२,२०० रुपये गेले. तीनशे प्रती छापल्या आणि प्रतीला शंभर रुपये पडले, तर आणखी ३०,०००. एकूण ५२,२००, म्हणजे प्रतीमागे १७४ रुपये. पुस्तकाची किंमत २५० ठेवली आणि विक्रेत्याला चाळीस टक्के सूट दिली, तर हाती येतात १५०. दुकानात विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे लेखक २४ रुपये गमावतो! तीच प्रत वीस टक्के सवलतीने थेट वाचकाला दिली तर २०० रुपये येतात आणि २६१ प्रती गेल्या की खर्च निघतो. त्यात आपल्याकडची भेटप्रतींची चाल. चुलत्यापासून शाळेतल्या बाईंपर्यंत चाळीस प्रती सही करून फुकट गेल्या, तर उरलेल्या २६० विकूनही लेखक दोनशे रुपयांनी तोट्यातच राहतो. पुस्तकाला जीएसटी लागत नाही, याचे अनेकांना समाधान वाटते. पण विक्रीवर कर नाही म्हणून कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही; तो कर किमतीत मुरतो.

याच टप्प्यावर छापखानेवाला सुचवतो की हजार छापा, प्रत साठलाच पडेल. गणित मोहात पाडणारे आहे खरे. ६०,००० आणि आधीचे २२,२०० मिळून ८२,२०० झाले, म्हणजे प्रत अवघ्या ८२ रुपयांत. पण प्रतीचा खर्च उतरला तरी बुडण्याची रक्कम वाढली. दोनशेच प्रती थेट विकल्या गेल्या असे धरा. तीनशेच्या आवृत्तीत तोटा १२,२००, हजाराच्या आवृत्तीत ४२,२००. शिवाय उरलेल्या आठशे प्रतींचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत हे गठ्ठे दिवाणाखाली, माळ्यावर आणि शेवटी देवघराच्या बाजूला रचले जातात. पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्याला ओल धरते, पाने फुगतात, चिकटवलेला पुठ्ठा कण्यापासून सुटू लागतो आणि पुढे वाळवी लागते ती वेगळीच. २६ जुलै २००५च्या पुरानंतर कल्याण परिसरात तळमजल्यावर कागद साठवायला कोण धजावेल? डिजिटल छपाईमुळे आता पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. प्रत महाग पडते, पण घरात रद्दी साठत नाही. नव्या लेखकाने महाग प्रत पत्करावी.

मग मिळकत कुठे? पैशात बोलायचे तर पहिल्या आवृत्तीत जवळपास नाही, आणि हे कोणी लपवू नये. दहा टक्के रॉयल्टीने २५० रुपयांच्या प्रतीमागे २५ रुपये मिळतात. तीनशे प्रती थेट विकल्या गेल्या तर स्वप्रकाशकाच्या पदरीही प्रतीमागे २६च पडतात. म्हणजे धावपळ करूनही फायदा एका रुपयाचा. खरा फरक पडतो तो दुसऱ्या छपाईला. अक्षरजुळणी, संपादन, मुखपृष्ठ यांचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. प्रत शंभरात छापून दोनशेला गेली की निम्मे पैसे हातात उरतात. दोनशे प्रतींच्या पुनर्मुद्रणात वीस हजार सुटतात. अट एकच: छपाईची फाइल आणि पुनर्मुद्रणाचा हक्क आपल्याकडे हवा. १९५७च्या कायद्यानुसार लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. आपण एका सहीने काय देऊन टाकतो, हे या मुदतीवरून ओळखावे.

तिसऱ्या वाटेची खोट इथेच उघडी पडते. लेखकाकडून सगळा खर्च आणि वर थोडा नफा आधीच मिळाला, की प्रकाशकाचा धंदा पुस्तक छापून येण्याआधीच पूर्ण होतो. पुढची प्रत विकली गेली काय आणि न गेली काय, त्याच्या ताटातला घास काही कमी होत नाही. त्याने विकण्यासाठी वणवण करावी, अशी अपेक्षा करणेच भाबडेपणाचे आहे. तो माणूस वाईट असतो असे नाही. व्यवहारच असा बांधलेला असतो. असे प्रकाशक लेखकाला जे ‘पॅकेज’ देतात, त्यात ज्या गोष्टींचे पैसे लावले जातात, त्यातली एक तर फुकट मिळते. आयएसबीएन क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी विनाशुल्क देते आणि लेखकाला तिच्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. क्रमांक ज्याच्या नावावर, तो प्रकाशक. त्या क्रमांकामुळे लेखनाचा हक्क मिळतही नाही आणि जातही नाही. तरीही पॅकेजच्या पत्रकात त्याचा उल्लेख असा असतो की जणू सरकारी पुरस्कारच मिळतो आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप चाळणीचा आहे. प्रकाशक म्हणजे निवड, संपादन आणि वाचकाला मिळणारी हमी; प्रत्येकजण स्वतःच छापू लागला तर गाळ वाढेल, असे म्हटले जाते. गाळ वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठाण्या-कल्याणच्या प्रकाशन समारंभांत हाती पडणारी बरीच पुस्तके एका चांगल्या संपादकाने निम्मी केली असती तर उजळली असती. पण चाळणीला धार येते ती प्रकाशकाचे स्वतःचे पैसे पणाला लागतात तेव्हा. पैसे लेखकाचेच असतील तर पुस्तक नाकारण्याचे कारणच उरत नाही. तेव्हा चाळणी हवी असेल तर ती विकत घ्यावी. म्हणूनच वरच्या हिशेबात छपाई सोडता संपादनाला सर्वांत मोठी रक्कम ठेवली आहे. लेखक पहिली कात्री नेमकी तिलाच लावतात आणि वाचवलेले दहा हजार सभागृह, शाली, गुच्छ आणि अल्पोपाहारावर उधळतात. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित आधी तपासले जाते, म्हणजे पैसा आणि पारख दोन्ही बाहेरून मिळतात.

दुसरा आक्षेप वितरणाचा, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. एकाच पुस्तकाच्या प्रकाशकाला दुकानदार उभे करत नाहीत. केले तरी प्रती ‘विक्री झाल्यावर पैसे’ या बोलीवर राहतात आणि वसुलीच्या खेपांत नफा लोकलच्या पासावर जातो. म्हणून अनोळखी लेखकाची चारशे पानी कादंबरी स्वतः छापू नये, असेच माझे मत आहे. तिला राज्यभर पोचवणारा, पैसे घालणारा प्रकाशकच हवा, आणि तो मिळेपर्यंत थांबावे. पण ज्या पुस्तकाचा वाचक कुठे बसतो हे लेखकाला ठाऊक आहे, त्याची गोष्ट निराळी. ठाण्याच्या तलावांची माहिती, कल्याणच्या बंदराचा आणि दुर्गाडी किल्ल्याचा इतिहास, एखाद्या वैद्याची पुस्तिका, गिर्यारोहकाचे मार्गदर्शन, कीर्तनकाराची आख्याने, आणि हो, कवितासुद्धा, कारण तिचा वाचक तसाही कवीच्या ओळखीतलाच असतो. असा वाचक एकत्र गाठायला हा पट्टा फार सोयीचा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. दोन्ही आजही चालू आहेत. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदानाला वाचक लोटतात. रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेसारख्या कार्यक्रमांना येणारा श्रोता पुस्तक विकत घेणारा असतो. बाहेर एक टेबल, वीस प्रती आणि यूपीआयचा क्यूआर कोड एवढ्यावर एका संध्याकाळी होणारी विक्री दुकानाच्या कोपऱ्यात वर्षभर होत नाही. २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते वाचकांच्या याच बळावर.

छापण्याआधीच विकण्याची युक्तीही मराठीत जुनी आहे. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी तेवीस खंडांच्या ज्ञानकोशासाठी भाग विकून कंपनीच काढली होती. छोट्या लेखकाला इतक्या खटाटोपाची गरज नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत १८० रुपयांनी शंभर प्रती नोंदवल्या गेल्या, तर १८,००० रुपये छपाईआधीच हातात येतात आणि तेवढ्याही नोंदवल्या गेल्या नाहीत, तर किती छापायचे याचे उत्तरही फुकटात मिळते. गावोगावच्या वाचकाला प्रत पाठवणे मध्यंतरी अवघड झाले होते. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली आणि छोटे प्रकाशक हवालदिल झाले. मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तिच्यात तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, वर कर. आपले १६० पानी पुस्तक वेष्टनासह तीनशे ग्रॅमच्या आत बसते. पानांची संख्या ठरवताना टपालाचा काटाही डोळ्यांपुढे ठेवावा.

ई-पुस्तक काढा, खर्चच नाही, असेही सांगितले जाते. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६पासून मराठी पुस्तक स्वतः चढवता येते आणि ठाण्याच्याच ई साहित्य प्रतिष्ठानाने तर मराठी ई-पुस्तके वाचकांना विनामूल्य पोचवली आहेत. वाचक हवे असतील तर मार्ग उत्तम आहे. पैसे हवे असतील तर फुकटाशी स्पर्धा आहे. तांत्रिक घोडे वेगळ्याच ठिकाणी अडते. अनेक छापखान्यांत अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळणी होते. ती फाइल कागदावर सुरेख उमटते, पण ई-पुस्तक करायला गेले की अक्षरांची खिचडी होते, आणि रूपांतर करून पुन्हा सगळे मुद्रितशोधन करावे लागते. जुळणी युनिकोडमध्ये हवी, हे पहिल्याच दिवशी बजावावे.

प्रकाशक झाल्यावर काही कर्तव्येही येतात. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत प्रत्येकी एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि नेमून दिलेल्या इतर ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. तरी घ्यावे, आपल्या माळ्यावरच्या प्रतीला वाळवी लागली तरी कोलकात्याची प्रत राहील. आणि एवढे सगळे वाचूनही कोणाला पैसे भरून दुसऱ्याच्या नावानेच पुस्तक काढायचे असेल, तर सही करण्याआधी करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. किती प्रती प्रत्यक्ष छापल्या याचे छापखान्याचे बिल, छपाईची उघडणारी फाइल, पुढच्या आवृत्तीचा हक्क लेखकाकडे, आणि वर्षअखेर न विकलेल्या प्रती कोणाच्या, कुठे ठेवलेल्या आणि कोणाच्या खर्चाने परत येणार याचा स्पष्ट उल्लेख. चौथ्या कलमावर समोरचा कितपत चुळबुळ करतो, ते बघावे.