नोझल साफ करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

मृगाचा पाऊस झाला की कंधार तालुक्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. सोयाबीन आणि कापसाची पेरणी वाफशावर साधायची असते, आणि काळ्या जमिनीचा वाफसा कुणासाठी थांबत नाही. नेमक्या त्याच दिवसांत एखादा ट्रॅक्टर काळा धूर सोडू लागतो, ओढ कमी होते, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करतो. मिस्त्री कान देऊन ऐकतो आणि सांगतो, "नोझल गेलंय, पंपवाल्याकडं न्यावं लागंल." मग फडक्यात गुंडाळलेली तीन नोझल पिशवीत घालून कोणीतरी नांदेडची नाही तर लातूरची एस.टी. धरतो. परत येताना काही वेळा तीच नोझल साफ होऊन येतात, काही वेळा नवी घ्यावी लागतात. साफ करून भागणार की नवे घ्यावे लागणार, हे कशावरून ठरते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भौतिकशास्त्राच्या तासाला शिकवण्याजोगे आहे.

पुस्तकी मराठीत याला 'अंतःक्षेपक' म्हणतात. गॅरेजमध्ये हा शब्द उच्चारला तर चहा मिळेल, पण काम होणार नाही. पूर्ण भागाला इंजेक्टर आणि त्याच्या टोकाच्या भोकांच्या तुकड्याला नोझल, असे शब्द आपण येथे वापरू.

प्रथम एक हिशोब करू. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर शेतात मिनिटाला 2000 फेऱ्यांनी चालतो आहे आणि ताशी 5 लिटर डिझेल घेतो आहे असे धरा. इंजिन चार टप्प्यांचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा डिझेल लागते. एका इंजेक्टरच्या वाट्याला मिनिटाला 1000 आणि तासाला 60,000 फवारे आले. तीन इंजेक्टरचे मिळून 1,80,000. पाच लिटरला या संख्येने भागले की एका फवाऱ्यात सुमारे 28 घन मिलिमीटर डिझेल येते. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण 50 घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे प्रत्येक वेळी अर्ध्या थेंबाहून थोडे जास्त डिझेल, आणि ते आत सोडायला मिळणारा वेळ एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास!

हे डिझेल एकाच गोळीच्या रूपात आत पडले, तर तिचा व्यास पावणेचार मिलिमीटर आणि पृष्ठफळ जेमतेम 45 चौरस मिलिमीटर भरेल. तेच डिझेल 20 मायक्रॉन व्यासाच्या कणांत विखुरले, तर कणांची संख्या 67 लाखांच्या घरात जाते आणि एकूण पृष्ठफळ 84 चौरस सेंटिमीटर होते. करंगळीच्या नखाहून लहान जागेचा विस्तार तळहाताएवढा झाला. द्रव डिझेल जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळली तरच जळते, आणि वाफ होते ती पृष्ठभागावरून. शिवाय थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर तो पूर्ण वाफ व्हायला सुमारे चौपट वेळ लागतो. एवढा वेळ इंजिन देत नाही. मोठा थेंब अर्धवट जळतो आणि उरलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो. शेतकऱ्याने विकत घेतलेले डिझेलच ते.

कापसावर फवारणी करणाऱ्याला यातले निम्मे आधीच ठाऊक असते. पंपाचे नोझल चांगले असेल तर धुके पडते. त्यात कचरा अडकला किंवा भोक झिजून मोठे झाले, की पिचकारी उडते आणि औषध पानावर न बसता खाली ओघळते. मात्र फवारणीच्या पंपाचा दाब दोन-चार बारचा (एक बार म्हणजे जवळपास हवेचा नेहमीचा दाब). जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरचा इंजेक्टर साधारण 175 ते 250 बारला उघडतो. आजच्या डिझेल मोटारींत आणि पिकअप गाड्यांत 'कॉमन रेल' पद्धत असते; तेथे दाब 1600 ते 2000 बारपर्यंत जातो.

एवढा दाब अडवून धरायचे काम एक पोलादी सुई करते. स्प्रिंगच्या जोरावर ती आपल्या जागी घट्ट बसलेली असते. डिझेलचा दाब स्प्रिंगला भारी पडला की सुई किंचित उचलते, फवारा सुटतो, आणि दाब उतरताच ती झटकन बसते. सुई आणि तिच्या नळीमधली फट 2 ते 4 मायक्रॉनची, तर माणसाचा केस 50 ते 80 मायक्रॉन जाड. येथे रबराचे वायसर चालत नाही. फट बारीक, हाच तिचा बंदोबस्त. रुडॉल्फ डिझेल यांच्या 1897 च्या इंजिनात तेल आत ढकलायला दाबलेली हवा लागत असे. असे बारीक काम कारखान्यात घाऊक प्रमाणात जमू लागले आणि 1927 मध्ये बॉश कंपनीचे डिझेल पंप बाजारात आले. आपल्याकडे 1951 मध्ये बंगळूरला मायको कंपनी सुरू झाली. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. 2008 मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी नाशिकला त्या चौकाला लोक मायको सर्कलच म्हणतात.

आता बिघाडाकडे वळू. 'नोझल गेलं' या दोन शब्दांत तीन वेगळे रोग दडलेले असतात. पहिला रोग साचण्याचा. फवारा संपल्यावर टोकाच्या भोकांत थोडे डिझेल उरते. ते तापते, हलके घटक उडून जातात आणि जड घटकांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन चिकट लुकण होते. पुढे त्याचाच कठीण कोळसा बनतो. दुसरा रोग झिजण्याचा. इंधनाबरोबर आलेली बारीक, कठीण धूळ सुईला आणि तिच्या बैठकीला घासत राहते. तिसरा गंजण्याचा, आणि त्याचे कारण पाणी. यांतला फक्त पहिला रोग साफ केल्याने जातो. झिजलेली बैठक कितीही धुतली तरी भरून येत नाही. उलट लुकणाने बुजलेली गळती धुतल्यावर उघडी पडते. "साफ केल्यावर जास्तच बिघडलं" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. दोष धुणाऱ्याचा नसतो.

म्हणून चांगला पंपवाला आधी तपासतो आणि मग साफ करतो. त्याच्याकडे दांडीने चालणारा एक हातपंप आणि त्यावर दाबाचे घड्याळ असते. इंजेक्टर त्याला जोडून तो चार गोष्टी पाहतो. सुई किती दाबाला उघडते? (कमी भरला तर स्प्रिंगखाली पातळ चकती, म्हणजे शिम, घालतात.) उघडण्याच्या दाबाच्या थोडे खाली काटा ठेवून दहा सेकंद थांबले तर टोकावर थेंब धरतो का? प्रत्येक भोकातून धुके सारखे पडते की एखादी धार निघते? आणि दांडी मारताना कर्र-कर्र आवाज येतो का? हा आवाज सुई मोकळेपणाने उघडमीट करत असल्याची खूण. धार किंवा आवाज बिघडला असेल तर साफ करून पाहण्यात अर्थ आहे. धुऊनही थेंब धरत असेल तर नोझल बदलावे. काही ठिकाणी बैठक घासून काम चालवतात. मला ते पटत नाही, मायक्रॉनचे काम हाताच्या अंदाजाने होत नाही.

साफ करताना पोलादी तारेचा ब्रश वापरू नये. पितळी ब्रश आणि भोकाच्या मापाची खास बारीक तार वापरावी. भोक जरा मोठे झाले तरी थेंब मोठे होतात आणि सगळा हिशोब बिघडतो. मोठ्या दुकानांत श्राव्यातीत ध्वनीची टाकी असते. सेकंदाला सुमारे 40,000 कंपनांनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना बसणाऱ्या धक्क्यांनी कोळसा सुटतो. जेथे ब्रश पोचत नाही तेथे हे धक्के पोचतात. इंजेक्टर परत बसवताना तांब्याचे वायसर नवे घालावे आणि नळ्यांतली एअर काढावी.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. फवारा कसा पडतो हे पाहायला तळहात किंवा बोट कधीही पुढे धरू नये. 200 बार दाबाखालचे डिझेल भोकातून किती वेगाने सुटेल? दाबाची ऊर्जा गतीत बदलते असे धरून गणित केले, तर उत्तर सेकंदाला सुमारे 220 मीटर, म्हणजे ताशी 790 किलोमीटर येते. असा फवारा कातडी भेदून आत शिरतो. वर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. काही तासांत आतले मांस सुजून मरू लागते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमावावा लागतो. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता शल्यचिकित्सक असलेल्या दवाखान्यात जावे आणि 'दाबाखालचे डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे. गावोगाव आठवी-दहावीची मुले सुट्टीत गॅरेजवर हाताखाली असतात. त्यांना हे शिक्षकाने सांगितले तर फार बरे. चालू इंजिनात नळीचा नट सैल करून कोणता सिलिंडर मंद आहे ते ओळखायची रीत जुन्या इंजिनांपुरती होती. कॉमन रेलच्या गाडीवर ती जिवावर बेतू शकते.

नोझल पुन्हा बिघडू नये यासाठीची काळजी मात्र नोझलपाशी घ्यायची नसते. ती टाकीपाशी आणि ड्रमपाशी घ्यायची असते. शेतावरच्या ड्रममध्ये डिझेल आणले की ते निवळू द्यावे, ड्रम तिरपा करून तळ उपसू नये, गाळणी आणि नरसाळे झाकून ठेवावे. टाकी अर्धी रिकामी असेल तर रात्री थंडाव्याने आतल्या दमट हवेतली वाफ थिजून पाणी तळाला जाते. म्हणून टाकी संध्याकाळी भरणे चांगले. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर जंतू आणि बुरशीही वाढते आणि तिचा चिखल फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी सोडायला दोन मिनिटे लागतात. वेळेवर बदललेला फिल्टर एका नोझलपेक्षा स्वस्तच पडतो.

पेट्रोलच्या गाड्यांचे काय? एप्रिल 2020 मध्ये बी.एस. 6 नियम आल्यापासून नव्या मोटारसायकलींतूनही कार्बुरेटर जवळजवळ गेला, म्हणजे कंधारच्या बाजारात उभ्या असलेल्या बहुतेक नव्या दुचाकींत इंजेक्टर आहे. तो विजेच्या चुंबकाने उघडतो आणि साधारण 3 बार दाबावर चालतो. लुकण येथेही साचते, विशेषतः गाडी बंद केल्यावर इंजिनाची धग टोकाला लागते तेव्हा. त्यामुळे सतत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते अधिक. याला औषध पेट्रोलमध्येच मिसळता येते. साबणाप्रमाणे या रेणूचे एक टोक मळाला धरते आणि दुसरे पेट्रोलमध्ये विरघळते. अमेरिकेत 1995 पासून प्रत्येक पेट्रोलमध्ये असे द्रव्य घालणे सक्तीचे आहे. आपल्याकडच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबाबत पाण्याची काळजी वाढते: इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाला बसतो, आणि पंप नेमका तळातून ओढतो.

मोटारीचा संगणक चूक सुधारून घेतो, मग एक इंजेक्टर चोंदल्याने काय बिघडते, असा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारील. चारपैकी एक इंजेक्टर 20 टक्के कमी पेट्रोल देतो आहे असे धरा: 1, 1, 1 आणि 0.8, बेरीज 3.8. धुराड्यातला ऑक्सिजन-संवेदक चौघांची मिसळ तपासतो. संगणक सर्वांना सव्वापाच टक्के वाढवून बेरीज 4 करतो. आता तिघांना 1.05 आणि चौथ्याला 0.84. सरासरी बरोबर, पण एकही सिलिंडर बरोबर नाही. म्हणून मोटारीचे इंजेक्टर काढून, चार काचेच्या नळ्यांत शेजारी-शेजारी फवारा पाडून मोजतात. दर सर्व्हिसिंगला 'इंजेक्टर क्लीनिंग'चे बिल लावणाऱ्याकडे हे आधीचे आणि नंतरचे माप जरूर मागावे. माप दाखवत नसेल तर नुसत्या धुण्याला पैसे देण्याचे कारण मला दिसत नाही.

वर्गात करायला एक प्रयोग आहे. त्यात इंधन नाही, आणि औषध फवारणीचा पंपही वापरायचा नाही. न्हाव्याकडे असतो तसा नवा फवारा घ्या, पाण्यात थोडी नीळ कालवा, आणि एक हात अंतरावर धरलेल्या कोऱ्या कागदावर एकदाच दाबा. पुढचा स्क्रू पिळून धुके, मध्यम फवारा आणि धार असे तीन कागद करा. आता एका चौरस सेंटिमीटरमधले ठिपके मोजा आणि मोजपट्टीने त्यांचे व्यास पाहा (थेंब कागदावर पसरतो, तेव्हा ठिपका थेंबापेक्षा मोठा असणार हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या). तिन्ही कागद उन्हात शेजारी ठेवून कोणता आधी वाळतो ते घड्याळ लावून लिहून घ्या. नंतर नोझलच्या तोंडाला मेणाचा एक लहानसा कण चिकटवून तोच प्रयोग पुन्हा करा आणि चौथा कागद पहिल्या तिघांशेजारी भिंतीवर लावा.