दोन झाकणांची गोगलगाय

तिसऱ्यांसारखी दोन झाकणं दिसली की तो शिंपलाच, असं आपण धरून चालतो. बर्थेलिनिया या समुद्री जिवाची इवलीशी कवचं शास्त्रज्ञांनीही एकोणिसाव्या शतकात शिंपल्यांतच घातली होती. १९५९ साली कावागुती आणि बाबा या जपानी संशोधकांनी असा जिवंत प्राणी जगापुढे आणला, तेव्हा झाकणांतून डोकं बाहेर काढून तो शेवाळावर चक्क सरपटत होता! पण दोन झाकणं आहेत, ती मिटणारा स्नायूही आहे, मग याला शिंपला का म्हणू नये? कारण शिंपल्याला डोकं नसतं आणि दातांची पट्टीही नसते. याच्या डोक्यावर शिंगं, मागे डोळे, तोंडात कॉलर्पा शेवाळाला भोक पाडून रस शोषायला धारदार दात.

नुसतं रिकामं कवच हाती आलं तर? तेव्हा भिंगाखाली डाव्या झाकणाचं टोक पाहावं. तिथे बारीक वेटोळं दिसतं: ते अळीपणीचं एकसंध, गोगलगायीचं कवच. दुसरं झाकण नंतर तयार होतं. माझ्या मते हाच सर्वांत भक्कम पुरावा. जिवंत प्राणी शोधायचा, तर उष्ण समुद्रातलं कॉलर्पाच धुंडाळावं. मात्र हिरव्यावर हिरवा, जेमतेम काही मिलिमीटरचा हा जीव सहज नजरेतून निसटतो.