शंभर वर्षांची ठेव

४ सप्टेंबर २०२३ रोजी बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष अलेक्सांद्र लुकाशेंको यांनी २७८ क्रमांकाचा हुकूम काढला. देशाच्या परदेशांतल्या वकिलातींनी यापुढे आपल्या नागरिकांना पासपोर्ट द्यायचे नाहीत. ज्याला हवा त्यानं मायदेशी यावं. २०२० च्या निवडणुकीनंतरच्या निदर्शनांत लाठ्या आणि खटले चुकवत जे वॉर्सात, विल्नियसमध्ये जाऊन राहिले, त्यांना या हुकुमाचा अर्थ कुणी फोड करून सांगावा लागला नाही. मायदेशी जायचं म्हणजे अटकेची टांगती तलवार, न जावं तर मुदत संपल्यावर हाती कागद नाही.

शंभर वर्षांपूर्वी याच देशाच्या नावानं नेमकं उलटं काम चाललं होतं. पहिल्या महायुद्धात आघाडी जवळ आली तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसं बेलारूसमधून पूर्वेकडे, दक्षिणेकडे पांगली. लढाई ओसरल्यावर त्यांना गावी परतायचं होतं. पण झारच गेला होता, कागद दाखवायचा कुणाचा? तेव्हा परमुलखातल्या लहान लहान कचेऱ्यांतून त्यांच्या हाती पासपोर्ट पडू लागले. देणारं होतं बेलारूसी लोकप्रजासत्ताक. त्याच्याकडे धड सैन्य नव्हतं, खजिना नव्हता आणि लवकरच पायाखालची जमीनही राहणार नव्हती. त्या प्रजासत्ताकाची सभा, म्हणजे ‘रादा’, मात्र टिकली. देशाबाहेर राहून काम करणारी इतकी जुनी सरकारी संस्था जगात दुसरी नाही. तिबेटचं निर्वासित सरकार आपल्या परिचयाचं; ही रादा त्याहून चाळीस वर्षांनी थोरली.

तिचा जन्म मिन्स्कमधला. डिसेंबर १९१७ मध्ये तिथे १८७२ प्रतिनिधींची अखिल बेलारूसी काँग्रेस भरली होती, ती बोल्शेविकांनी रात्रीतून उधळली. रादा उभी राहिली ती याच काँग्रेसमधून. मग जर्मन फौजा शहरात आल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत, रात्रभर वाद घालून, २५ मार्च १९१८ च्या सकाळी रादानं स्वातंत्र्य जाहीर केलं. पांढरा-लाल-पांढरा झेंडा त्या प्रजासत्ताकाचा. वर्ष सरायच्या आत जर्मन माघारी वळले, लाल सेना आली आणि रादानं बिऱ्हाड उचललं. विल्नियस, ग्रोद्नो, कौनास करत ती १९२३ मध्ये प्रागला पोचली.

तिथून पुढची दोन वर्षं मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जिवाला लागतात. सोव्हिएत मिन्स्कमध्ये तेव्हा बेलारूसी भाषेला चांगले दिवस आले होते. शाळा निघत होत्या, पुस्तकं छापली जात होती. परदेशात अर्धपोटी राहणाऱ्यांना निरोप येत होते की या, आपलंच काम इथं चाललंय. ऑक्टोबर १९२५ मध्ये बर्लिनच्या बैठकीत पंतप्रधान अलेक्सांदर त्स्विकेविच यांनी सरकार विसर्जित केलं, मिन्स्क हेच आता बेलारूसचं केंद्र असं मान्य केलं आणि ते परतले. माजी पंतप्रधान वात्स्लाव लास्तोव्स्कीही गेले. या माणसांना भोळं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या भाषेसाठी आयुष्य घातलं ती शाळेत शिकवली जातेय हे ऐकून कोण थांबेल? त्स्विकेविच यांना डिसेंबर १९३७ मध्ये गोळी घातली, लास्तोव्स्कींना जानेवारी १९३८ मध्ये. ऑक्टोबर १९३७ च्या एकाच रात्रीत मिन्स्कमध्ये शंभराहून अधिक लेखक, विद्वान, अधिकारी मारले गेले होते.

रादाचे अध्यक्ष पेत्र क्रेचेव्स्की आणि त्यांचे सहकारी वासिल झाखार्का यांनी बर्लिनचा ठराव मानला नाही. ते प्रागमध्येच राहिले, तिथेच वारले. रादाचे कागद आणि अधिकार क्रेचेव्स्कींकडून झाखार्कांकडे आले, आणि १९४३ मध्ये अखेरच्या दिवसांत झाखार्कांनी ते मिकोला अब्रामचिक यांच्या स्वाधीन केले. सावकारानं चोपडी मुलाच्या हवाली करावी, तशी ही ठेव हातोहात पुढे जात राहिली. ठेवीचे खरे धनी बेलारूसचे लोक. ते मोकळेपणानं मत देऊन आपलं सरकार निवडतील त्या दिवशी ती त्यांच्या पदरात टाकून रादानं उठून जायचं.

दुसऱ्या महायुद्धाचं पान चाळताना सांभाळून बोलावं लागतं. नाझींनी मिन्स्कमध्ये आपल्या तालावर नाचणारी वेगळी परिषद उभी केली होती. युद्धानंतर तिची माणसं आणि रादाची माणसं जर्मनीतल्या त्याच निर्वासित छावण्यांत आली, आणि परदेशातला समाज कित्येक वर्षं दोन तटांत दुभंगून राहिला. सोव्हिएत प्रचारानं मग सगळ्यांनाच एका काठीनं हाकलं.

त्याच लोंढ्यात एक मुलगी होती. इवोन्का सुरविला, जन्म १९३६, गाव स्तोवब्त्सी. १९४४ मध्ये आईवडिलांबरोबर तिनं घर सोडलं. डेन्मार्कमधली निर्वासितांची छावणी, मग पॅरिस, सोरबोन विद्यापीठ, चित्रकलेचं शिक्षण. लग्नानंतर माद्रिदला, स्पॅनिश राष्ट्रीय रेडिओच्या बेलारूसी कार्यक्रमात काम. १९६९ मध्ये कॅनडा, ओटावात भाषांतराची सरकारी नोकरी. चेर्नोबिलचा विषारी पाऊस सर्वांत जास्त बेलारूसवर पडला होता. १९८९ मध्ये सुरविलाबाईंनी त्या आपद्ग्रस्तांसाठी कॅनडात मदतनिधी उभारला आणि बेलारूसमधली मुलं उन्हाळ्यात कॅनडातल्या घरांत राहायला येऊ लागली. मोकळ्या हवेत खेळायचं, सकस खायचं, थोडी ताकद भरून परत जायचं. १९९७ मध्ये रादाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. रादाची घोषणापत्रं मी आदरानं वाचतो, पण ही संस्था मला खरी कळते ती या पाहुण्या मुलांमुळे.

ठेव परत करायची वेळ एकदा अगदी दाराशी आली होती. डिसेंबर १९९० मध्ये लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारनं आपली राजचिन्हं वॉर्सात नवे राष्ट्राध्यक्ष लेख वावेंसा यांच्या हाती दिली. १९९२ मध्ये युक्रेनच्या निर्वासित सरकारनं तेच केलं. बेलारूसही स्वतंत्र झाला होता, जुना झेंडा सरकारी इमारतींवर फडकत होता. पण मिन्स्कची संसद सोव्हिएत काळात निवडलेली होती. मोकळी निवडणूक होऊ द्या, मग अधिकार सोपवू, अशी रादाची भूमिका होती. १९९४ मध्ये लुकाशेंको निवडून आले, १९९५ च्या सार्वमतात तो झेंडा उतरला. आज तो बाळगल्याबद्दल लोकांना दंड होतो, कोठडी होते. दरवर्षी २५ मार्चला तो परदेशांतल्या चौकांत निघतो, आणि २०२० नंतर त्याखाली उभी राहणारी गर्दी फार तरुण आहे.

या तरुणांनी स्वतःच्या संस्था काढल्या आहेत. कुणी कैद्यांच्या घरी पैसे पोचवतं, कुणी सीमेपलीकडे माणसं काढतं. २०२० मध्ये लुकाशेंकोंविरुद्ध निवडणूक लढवलेल्या स्वेतलाना त्सिखानोव्स्काया यांच्या कार्यालयानं ‘नव्या बेलारूस’च्या पासपोर्टचं काम हाती घेतलं आहे.

११ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या मध्यस्थीनं सुटलेल्या ५२ कैद्यांची बस लिथुआनियाच्या सीमेवर आली. कित्येकांपाशी पासपोर्ट नव्हता. त्यांच्यात मिकोला स्तातकेविच होते, २०१० चे अध्यक्षपदाचे उमेदवार, वय ६९. ते बसमधून उतरले आणि देश सोडायला त्यांनी नकार दिला. दोन देशांच्या चौक्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात ते कित्येक तास बसून होते. मग बेलारूसचे अधिकारी त्यांना परत घेऊन गेले.