घटस्फोटानंतरचं प्रेम : सिनेमात आणि आपल्या गावात

सतीश राजवाडे यांचा ‘प्रेमाची गोष्ट’ हा सिनेमा २०१३ साली आला. अतुल कुलकर्णी आणि सागरिका घाटगे त्यात आहेत. दोघांचीही पहिली लग्नं मोडायला आलेली, आणि त्यांची भेट होते ती लग्न सांभाळण्याचा सल्ला देणाऱ्या समुपदेशकाच्या दारात! त्याचा प्रेमावर अजून विश्वास आहे, तिचा उडालाय. हसत-खेळत गोष्ट पुढे जाते.

सिनेमा बघताना आपण म्हणतो, “किती छान जोडी!” पण गटातली एखादी सोडचिठ्ठी झालेली ताई कुणाशी दोन शब्द बोलली, की आपणच कुजबुजतो. खरं तर आपल्याकडे कितीतरी समाजांत पूर्वीपासून पाट लावायची रीत होती. मग आज लाज कसली? लाज नको, पण माहिती मात्र हवी. हिंदू विवाह कायदा, १९५५ काय सांगतो ते बघू. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख बहिणींनाही लागू आहे.

कागद आधी, अक्षता नंतर. स्टॅम्प पेपरवर सह्या केल्या किंवा चार पंचांसमोर काडीमोड झाला, म्हणजे घटस्फोट झाला असं धरून चालू नका. समाजाची जुनी रूढी कायदा मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. म्हणून कोर्टाचा हुकूमनामा हातात घ्या. त्याशिवाय केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, आणि तो गुन्हाही आहे.

किती थांबायचं? दोघांच्या संमतीनं घटस्फोट हवा असेल, तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबावं लागतं. योग्य कारण असेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. भांडून निकाल लागला असेल, तर अपिलाची मुदत संपल्यावरच लग्न करा.

पोटगीचं काय? दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडची तुमची दरमहाची पोटगी बंद होऊ शकते. पण लहान मुलांच्या खर्चाची बापाची जबाबदारी संपत नाही. आईनं लग्न केलं म्हणून मुलांचा बापाच्या मालमत्तेतला वारसाहक्कही जात नाही.

तुमचं ते तुमचंच. माहेरून मिळालेले दागिने, भांडी, तुमच्या नावावरची बचत हे स्त्रीधन. ते मागायला संकोच करू नका. आणि नव्या संसारात गेलात तरी बँकेचं पासबुक स्वतःच्याच हातात ठेवा.

वकिलाच्या फीची काळजी वाटते? विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. मुस्लिम आणि ख्रिश्चन बहिणींचे कायदे वेगळे आहेत, त्यांनाही तिथेच सल्ला मिळेल.

आणि बाकीच्या सख्यांनो, आपलंही एक काम आहे. पुन्हा लग्न करायचं की एकटीनं राहायचं, हे त्या ताईला ठरवू द्या. तिनं विचारलं तर कोर्टापर्यंत सोबत जा. नाही विचारलं, तर निदान पुढच्या बैठकीत तिच्यामागे कुजबुजू नका.